अननोनची चौकशी: प्रस्तावना

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ‘अननोन’ची नळी हाती पडली की मुलांना घाई असते ती नावाची. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेत मी नाव मुद्दाम शेवटी ठेवले आहे. आधी नमुना आला कुठून ते विचारावे. घिवलीच्या समुद्रातून आलेल्या जिवाणूला मीठ लागते की नाही, इथूनच चौकशी सुरू होते.

समजा, घिवलीला उतरवलेल्या मासळीवरून नमुना घेतला आणि टीसीबीएस आगरवर हिरव्या वसाहती आल्या. म्हणजे सुक्रोज आंबले नाही. आंबले असते तर त्या पिवळ्या झाल्या असत्या. ग्रॅम रंजनात गुलाबी, किंचित बाकदार दांडके दिसतात. साध्या मीठयुक्त आगरवर पुन्हा वाढवून ऑक्सिडेजच्या कागदावर घासले की काही सेकंदांत जांभळा रंग. विब्रिओचा संशय बळावतो. आता पेप्टोन पाण्याच्या नळ्या लावा. मीठ नसलेली स्वच्छ राहते, 3 आणि 8 टक्क्यांच्या गढूळतात, 10 टक्क्यांची पुन्हा स्वच्छ. ही खूण विब्रिओ पॅराहिमोलिटिकसची. 1950 साली ओसाकातल्या विषबाधेनंतर फुजिनो यांनी तो मासळीतूनच शोधला होता. त्याचा भाऊबंद अल्जिनोलिटिकस 10 टक्क्यांतही वाढतो, तर पटकीच्या जिवाणूचे मिठाच्या नळीवाचून अडत नाही. स्वच्छ राहिलेली नळी मुले वहीत हमखास गाळतात. तीही मांडा, निम्मा निकाल तिच्यातच असतो.

सगळ्याच चाचण्या बाहेरून पेटीबंद आल्या असे समजू नका. 1896 च्या मुंबईतल्या प्लेगात हाफकिन यांनी ब्रॉथवर तूप तरंगवले. तुपाच्या थेंबांखाली प्लेगचा जिवाणू गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीसारखा खाली उतरत वाढे, आणि फ्लास्क हलवला की तुटून तळाशी बसे. अशीच वाढ मारून केलेली लस त्यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचली. तुपाची ही परीक्षा पुढे पाठ्यपुस्तकांत गेली.

ग्रॅम यांची पद्धत 1884 ची; तिच्यात मुले चुकतात ती अल्कोहोलपाशी. धुणे लांबले की ग्रॅम पॉझिटिव्हही गुलाबी दिसतो. शिळ्या वाढीतही तसेच होते, म्हणून ताजीच घ्या.

16एस जनुकाचा क्रम लावून मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेलच. वसाहत शुद्ध नसेल तर क्रमही गोंधळाचाच येतो. शिवाय पॅराहिमोलिटिकस आणि अल्जिनोलिटिकस यांच्यातला 16एसचा फरक इतका थोडा, की तेवढ्यावर निवाडा होत नाही. मिठाची नळी लावावीच लागते. आणि नाव ठरले तरी तो अपायकारक आहे का, हे उरतेच. समुद्रातल्या बहुतेक पॅराहिमोलिटिकसमध्ये टीडीएच हे विषाचे जनुक नसते, रुग्णांच्या नमुन्यातल्या बहुतेकांत असते. ती तपासणी शेवटच्या प्रकरणात दिली आहे.