माडीचा पाव आणि कडक कांकणे

आंबवलेल्या कणकेच्या कुरकुरीत चकत्या ‘सावरडो क्रॅकर’ या नावाने आता पथ्याच्या तक्त्यांत दिसू लागल्या आहेत. नाव परके असले तरी वस्तू आपल्या किनाऱ्याला अगदी नवी नाही. गोव्यात बांगडीच्या आकाराची कडक कांकणे चहात बुडवून पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात आहेत.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. भाताच्या मुलखात त्यांना गव्हाचा पाव हवा होता. पण तो फुगवायचा कशाने? उत्तर माडावर होते. माडाच्या ताज्या रसात सुमारे १५ टक्के साखर असते. रस मडक्यात जमत असतानाच यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात वाढू लागतात व काही तासांत त्याची ‘सूर’, म्हणजे माडी, होते. गोव्याचे पदेर (पाववाले) हीच माडी पिठात घालीत. लॅक्टिक किण्वनाचा सूक्ष्मजीवांशी असलेला संबंध पाश्चरने मांडला तो १८५७ मध्ये!

यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडून पीठ फुगवते, हे पाठ्यपुस्तकात असते. जिवाणूंचे काम मात्र सांगायचे राहून जाते. गव्हाच्या कोंड्यातील फायटिक आम्ल लोह व जस्त यांना बांधून ठेवते. त्याचे विघटन करणारे फायटेज हे विकर गव्हातच असते. पण ते सामू ५ च्या आसपास उत्तम चालते आणि त्याला काही तासांचा अवधी लागतो. आंबट पिठात दोन्ही मिळते. म्हणूनच गोव्याच्या कोंडायुक्त पोईला माडीची जोड योग्य होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारचे यीस्ट आले, पाव झटपट फुगू लागला आणि नेमका हा अवधी गेला. चव गेल्याची हळहळ बरेच जण करतात. मला ही हानी अधिक मोठी वाटते.

कडकपणाची कथा सुरतेच्या डच वखारीकडे जाते. तिथली भट्टी पुढे पारशी दोतीवाला घराण्याकडे आली. सांगतात ते असे, की डच गेल्यावर गिऱ्हाईक आटले, ताडीने फुगवलेला शिल्लक पाव सुकू लागला आणि पुढे त्या सुक्या पावालाच मागणी आली. तेच सुरती बटर.

मात्र सुके म्हणजे हलके, असे पथ्यकऱ्यांनी समजू नये. पावात साधारण ३८ टक्के पाणी धरले आणि चकत्यांत ५, तर १०० ग्रॅम चकत्यांत सुमारे १५० ग्रॅम पावाइतका ऐवज असतो.

घरी करायला माडी लागत नाही. कणीक व पाणी समभार कालवून झाकून ठेवावे. रोज अर्धे काढून तेवढीच नवी भर घालावी. आपल्या हवेत आठवडाभरात ते नियमित फसफसू लागते. त्यानंतर काढलेल्या अर्ध्या भागात कणीक, तीळ, थोडे तेल व बेताचे मीठ घालून मळावे, काही तास ठेवावे, पापडाहून किंचित जाड लाटून टोचे मारावेत आणि मंद आचेवर पार सुकेपर्यंत भाजावे.

पनवेलजवळच्या कोनसारख्या गावात जुलै महिन्यात उघडी चकती पाहता पाहता मऊ पडते. त्याचाही वर्गात उपयोग होतो: सारख्या वजनाच्या दोन चकत्या घ्याव्यात, एक घट्ट झाकणाच्या डब्यात आणि एक टेबलावर ठेवावी, आणि दर तासाला प्रयोगशाळेच्या तराजूवर दोन्हींचे वजन करून आलेख काढावा.