सरासरी आणि वांटणी : आंकड्यांच्या एका कोष्टकाची हकीकत

यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी हा कापसाचा मुलूख आहे. तेथील एखाद्या शिवारांत हंगामाच्या शेवटीं फेरफटका केला, तर एकाच गांवांत दोन प्रकारचीं शेतें दृष्टीस पडतात. नाल्याकांठच्या काळ्या, खोल जमिनींत पऱ्हाटी बोंडांनीं लगडलेली असते. टेकडीच्या उतारावरील बरड जमिनींत ती गुडघ्याच्या वर गेलेली नसते. परंतु सरकारी कागदावर गांव एकच. पीक अजमावण्याची आपल्याकडील जुनी रीति म्हणजे आणेवारी. पूर्ण पीक सोळा आणे धरावयाचें, त्या मानानें गांवाचें पीक किती आणे उतरलें तें ठरवावयाचें, आणि त्यावरून सारा वसूल करावयाचा कीं तहकूब ठेवावयाचा याचा निर्णय घ्यावयाचा. पुढें आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आंत आलेल्या गांवास सवलती मिळत, वर गेलेल्यास मिळत नसत. एका आंकड्यावर साऱ्या गांवाचा निवाडा व्हावयाचा, आणि त्या आंकड्यांत बरडवाला व काळवटवाला दोघेहि एकत्र तोलले जावयाचे.

सरासरीचें हें अपुरेपण भरून काढण्याचें साधन संख्याशास्त्राच्या अगदीं पहिल्या धड्यांत आहे. त्यास वारंवारता-कोष्टक म्हणतात. शाळेंत तें रुक्ष वाटतें. पण त्याचा इतिहास रुक्ष नाहीं.

प्रथम कोष्टक म्हणजे काय तें पाहूं. अशी कल्पना करूं कीं, एका गांवीं वीस शेतें आहेत व प्रत्येकाचें एकरीं उत्पन्न क्विंटलांत मोजलें आहे. ० ते २, २ ते ४, ४ ते ६, ६ ते ८ आणि ८ ते १० असे पांच वर्ग पाडावे. नेमकी २ ही संख्या आली, तर ती दुसऱ्या वर्गांत घालावी, असा नियम आधींच ठरवावा. नाहींतर एकच शेत दोनदां मोजलें जातें. मग एकेक आंकडा वाचीत त्याच्या वर्गापुढें उभी रेघ ओढावी. चार रेघा झाल्या कीं पांचवी त्यांवर आडवी मारावी. शेवटीं रेघा मोजल्या कीं कोष्टक तयार झालें.

समजा, पहिल्या गांवीं या पांच वर्गांत अनुक्रमें ०, २, १६, २ व ० शेतें आलीं. दुसऱ्या गांवीं ८, २, ०, २ व ८ आलीं. प्रत्येक वर्गाचा मध्य धरून हिशेब केला, तर दोन्ही गांवांची सरासरी एकरीं ५ क्विंटलच येते. पण पहिल्या गांवांत बहुतेकांचें बरें चाललें आहे, आणि दुसऱ्यांत आठ घरांवर संकट कोसळलें आहे. शिवाय ज्या ५ क्विंटलांच्या नांवानें तें गांव ओळखलें जाईल, तेवढें पीक तेथें एकाहि शेतांत आलेलें नाहीं!

लोकांना असें वर्गवार मांडून पाहण्याची बुद्धि युरोपांत सतराव्या शतकांत झाली. लंडनच्या जॉन ग्राँट या व्यापाऱ्यानें १६६२ मध्यें शहरांतील मृत्यूच्या याद्या चाळून अनुमान काढलें कीं, जन्मणाऱ्या शंभरांपैकीं ३६ मुलें सहा वर्षांच्या आंत दगावतात. पुढें बेल्जमच्या केटले यांनीं १८४६ मध्यें ५,७३८ स्कॉच शिपायांच्या छातीचीं मापें इंचाइंचाच्या वर्गांत मांडलीं. सुमारें ४० इंचांपाशीं गर्दी, आणि दोहों बाजूंस ती क्रमानें विरळ होत गेलेली. त्यावरून केटले यांनीं ‘सरासरी मनुष्य’ हा निसर्गाचा आदर्श मानला. त्याहून वेगळे ते निसर्गाचे चुकलेले नेम. गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला मात्र माणसामाणसांतील फरकच अभ्यासाचा खरा विषय वाटला. आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें हा मतभेद लहान नव्हे. बरड जमिनीचा धनी हा नेम चुकलेला बाण नव्हे. तो स्वतंत्रपणें मोजावयाचा मनुष्य आहे.

महाराष्ट्रांत ही दृष्टि प्रथम ठळकपणें दिसते ती डॉ. हॅरोल्ड मान यांच्या कामांत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे प्रिन्सिपॉल. त्यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची घरोघर, शेतोशेत पाहणी करून १९१७ मध्यें दख्खनच्या खेड्यांतील जमीन व मजुरी यांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. (आज त्या शिवारावर शहरी इमारती उभ्या आहेत.) जुने दप्तर पाहतां त्यांना असें आढळलें कीं, तेथील सरासरी खातें १७७१ मध्यें ४० एकरांचें होतें, १८१८ मध्यें साडेसतरा, आणि १९१४-१५ मध्यें अवघें ७ एकरांचें. हा आंकडाच पुरेसा चिंताजनक. पण डॉ. मान सरासरीपाशीं थांबले नाहींत. त्यांनीं खातीं आकारमानानें वर्गवार लावलीं, तेव्हां दिसलें कीं शेंकडा ८१ खातीं दहा एकरांच्या आंत, आणि शेंकडा ६० पांच एकरांच्याहि आंत आहेत. सरासरी ७ एकर म्हणावी, तर निम्म्याहून अधिक खातेदारांना तिची पायरीहि गांठतां येत नव्हती. मोजक्या मोठ्या खात्यांनीं ती वर उचलून धरली होती.

तुकड्यांची कथा याहून उद्‌बोधक आहे. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे होते. त्यांतील ४६३ एक एकराहून लहान, आणि त्यांपैकींहि ११२ पाव एकराहून लहान. हे आंकडे ‘इतक्याच्या आंत’ अशा संचित स्वरूपाचे आहेत. वजाबाकी केली कीं त्यांचें कोष्टक होतें : पाव एकराच्या आंत ११२, पाव ते एक एकर ३५१, एक एकर व त्याहून मोठे २६६, एकूण ७२९. शेंकड्यांत मांडलें तर सुमारें १५, ४८ आणि ३७. नांगर वळवावयासहि अपुरी अशी जमीन कोणाच्या वांट्याला किती आली, हें तीन ओळींत समोर येतें.

वर्ग पाडतांना मात्र विवेक हवा. ७२९ तुकड्यांना ‘पांच एकरांच्या आंत’ असा एकच मोठा वर्ग दिला असता, तर पाव एकराचें दुःख त्यांत बुडून गेलें असतें. उलट गुंठ्या-गुंठ्याचा वर्ग केला असता, तर आंकडे विखुरून आकारच दिसला नसता. वर्गाच्या सीमा ठरविणारा मनुष्य नकळत निकालावरहि हात ठेवीत असतो.

आतां पुन्हां कापसाकडे वळूं. आणेवारी बहुधा नजर-अंदाजानें होई, आणि नजर त्या माणसागणिक बदलते. १९४० च्या दशकांत डॉ. विनायक गोविंद पानसे व डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं हिंदुस्थानांत पीककापणीच्या प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धति रूढ केली. पानसे यांच्या कापसाच्या पाहणीचें एक क्षेत्र आपलें वऱ्हाडच होतें. गांव चिठ्ठी टाकल्याप्रमाणें निवडावयाचें, त्यांतलें शेत तसेंच, आणि शेतांतला ठराविक मापाचा चौकोनहि तसाच. मग तेथील पीक प्रत्यक्ष तोलावयाचें. कोणाच्या मर्जीला तेथें वाव नाहीं. या दोघांनीं शेतीच्या संशोधकांसाठीं लिहिलेला सांख्यिकीचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्यें निघाला व देशभर पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला.

पण अशा रीतीनें तोललेलें प्रत्येक वजन ही कोष्टकांतली एक रेघ असते. सर्व वजनांची बेरीज करून भागाकार केला, कीं त्या रेघा पुसल्या जातात व एक आंकडा उरतो. जिल्ह्याचें एकंदर पीक किती, हें जाणावयास तो आंकडा पुरेल. मदत कोणास द्यावी, हें जाणावयास तो पुरणार नाहीं; तेथें रेघा राखून ठेवाव्या लागतात.

म्हणून वर्तमानपत्रांत दरडोई उत्पन्न, सरासरी पाऊस किंवा सरासरी पीक वाचावयास मिळालें, म्हणजे सुशिक्षित गृहस्थानें व गृहिणीनें आणखी एक प्रश्न विचारावा : या सरासरीच्या खालीं किती जण आहेत, आणि किती खालीं आहेत? त्याचें उत्तर द्यावयास मोठें गणित लागत नाहीं. एक कागद, पांच-सात वर्ग, आणि प्रत्येक माणसागणिक एक प्रामाणिक रेघ, एवढ्यावर तें काम होतें.