शब्बाथ कोणाला परवडत नाही?

आठवड्यातला एक दिवस हातचे काम थांबवून देवासाठी राखणे ही यहुद्यांची रीत होती आणि ख्रिस्ताने ती संपवली. आता सगळेच वार प्रभूचे. त्यातूनही कोणाला विसावा पाळायचाच असेल, तर तो पगारी माणसाने पाळावा. हातावर पोट असणाऱ्याचे ते काम नव्हे. हे मत मराठी ख्रिस्ती मंडळींत आज सर्रास ऐकू येते. उपासना संपल्यावर चर्चच्या दारात ऐकू येते, कधी कधी उपदेशातूनही. त्याला हरकत घेणारा एक तर परुशी ठरतो किंवा शेती न कळणारा शहरी. मला हे मत चुकीचे वाटतेच, पण ज्या गरिबाच्या नावाने ते मांडले जाते त्याच्याच मुळावर येणारे वाटते. म्हणून दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवतो. निवाडा त्यांनी करावा.

प्रतिपक्षाची बाजू लेचीपेची नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सण, नवचंद्र आणि शब्बाथ यांना पुढे येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणतो आणि त्यांवरून तुमचा न्याय कोणाला करू देऊ नका, असे बजावतो. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात एखादा दिवस विशेष मानणारा आणि सगळे दिवस सारखे मानणारा, दोघांनाही तो जागा देतो. चोरी, व्यभिचार, लोभ यांविरुद्धच्या आज्ञा नव्या करारात पुन्हा येतात. शब्बाथाची आज्ञा तशी पुन्हा दिलेली नाही. हा शास्त्राचा भाग झाला. व्यवहाराचा भाग याहून जड आहे: ज्याचे पोट रोजच्या रोजावर चालते, त्याने सातवा दिवस कोणाच्या भरवशावर बसून काढायचा?

व्यवहारापासूनच सुरुवात करू. पुण्यामुंबईच्या नोकरदाराजवळ हा आक्षेप तपासण्यात अर्थ नाही. त्याला रविवार आयता मिळतो. तपासायचा तर लोहारा तालुक्यातल्या सास्तूरच्या शिवारात तपासावा. माकणीचे धरण जवळ असले तरी या भागातली शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर चालते. सोयाबीन सप्टेंबरअखेरीस काढणीला येते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस डोक्यावर असतो. शेंग जास्त वाळली की उन्हात तडकते, दाणे रानातच सांडतात. कापून ठेवलेले भिजले की दाणा काळा पडतो, गंजीला कोंब फुटतात. सगळ्या गावाची काढणी एकाच वेळी. मजूर मिळत नाही, गुत्तेदार भाव वाढवतो, मळणीयंत्राचा नंबर रात्री लागेल की पहाटे, ते सांगता येत नाही. अशा वेळी ‘आज प्रभूचा दिवस आहे, विळा खाली ठेव’ असे कोण कोणाला म्हणणार?

प्रश्न रास्त आहे. पण तो नवा आहे काय? निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात, एकविसाव्या वचनात, सातव्या दिवसाचा विसावा सांगताना नांगरणी आणि कापणी या दोन्ही हंगामांचे नाव घेऊन तेव्हाही थांबायला सांगितले आहे. ही आज्ञा शेतकऱ्यांना दिली गेली आणि त्यांच्या सर्वांत अडचणीच्या आठवड्यांचा विचार करून दिली गेली. शेतकऱ्याला या विसाव्यातून वगळले ते रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने. इ.स. ३२१ च्या मार्चमध्ये त्याने रविवारी न्यायाधीशांना, नगरवासीयांना आणि कारागिरांना विश्रांती फर्मावली. शेतावरच्या लोकांना मात्र पेरणीची आणि द्राक्षलागवडीची वेळ चुकू नये म्हणून कामाची मुभा ठेवली. ‘कुणब्याला शब्बाथ लागू नाही’ हा विचार पवित्र शास्त्रातला नाही. तो दरबारातला आहे.

संकटाची गोष्ट वेगळी, हे मी मान्य करतो आणि येशूनेही केले. विहिरीत पडलेला बैल शब्बाथाच्या दिवशी कोण बाहेर काढणार नाही, असे त्याने लूकच्या चौदाव्या अध्यायात विचारले आहे. ढग भरून आले आणि घरातले सगळे गंजीवर ताडपत्री टाकायला धावले, तर शब्बाथ मोडत नाही. पण काढणीची धांदल वर्षात किती आठवडे असते? दोन? चार? त्यांच्या नावावर उरलेले सगळे आठवडे का बुडवायचे? आणि थांबणे या मातीला परके आहे, असे तर कोणी म्हणूच नये. लातूर-धाराशिव पट्ट्यात वेळ अमावास्येला, म्हणजे लोकांच्या तोंडच्या येळवशीला, गावेच्या गावे ओस पडतात. ज्वारी उभी असते, हरभरा भरात असतो, रानात काम नसते असे नाही. तरी त्या दिवशी कडब्याची कोप बांधून पूजा होते, भज्जी आणि आंबील घेऊन आख्खे घर वावरात बसते, वाटसरूलाही हाक मारून जेवू घातले जाते. त्या दिवसाने कोणाचे दिवाळे निघाल्याचे मी ऐकलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. ही आज्ञा कोणाला उद्देशून आहे? प्रोटेस्टंट गणनेत चौथी आणि कॅथलिक गणनेत तिसरी असलेली ही आज्ञा उघडून पाहावी. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, अशी ती यादी आहे. ज्याच्या पदरी दास आहेत, गोठ्यात गुरे आहेत, ज्याच्या वेशीत परके लोक आसऱ्याला आहेत, त्याच्याशी हे बोलणे चालले आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारणही स्पष्ट दिले आहे: तू मिसरात गुलाम होतास हे आठव आणि तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. आज्ञा मालकाला आहे. मग ‘गरिबाला शब्बाथ परवडत नाही’ हा आक्षेप उभा तरी कुठे राहतो? मजुराला तो परवडत नसेल, तर तो त्याला परवडेल असे करणे हेच मालकाचे आज्ञापालन. सास्तूरचा दोन एकरवाला स्वतःच मालक आणि स्वतःच गडी असतो, हे खरे. पण त्याच्या घरातही दुसऱ्या कोणाचे तरी श्रम असतात. रविवारी उपासनेहून परतल्यावर घरात मटण शिजते, पाहुणे येतात आणि बाई दिवसभर चुलीपुढे उभी असते. हा कोणाचा विसावा? निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात सहाव्या दिवशीच भाजून-शिजवून ठेवायला सांगितले आहे. त्या सूचनेचा लाभ सर्वांत आधी चुलीजवळच्या माणसाला होतो.

गरिबाने विसावा पाळल्याचा पुरावाही आपल्याच प्रांतात आहे. कोकणातले बेने इस्राएल घाण्यावर तेल गाळून पोट भरत. पगार नाही, जमीनदारी नाही. यहुदी जगाशी त्यांचा संबंध कित्येक शतके तुटलेला होता, पुष्कळ विधी विस्मरणात गेले होते. पण शनिवारी घाणा फिरत नसे. शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हणूनच ओळखले. ‘परवडत नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना होता. ते तसे म्हणाले नाहीत.

दुसरा पुरावा मुंबईचा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार सुटीचा मानला. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक, ख्रिस्ती नव्हेत. रविवार हा खंडोबाचा वार, हे त्यांनी मागणीचे एक कारण सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. म्हणून आठवड्याचा विसावा ही मिशनऱ्यांनी दिलेली भेट, हा समजही जाता जाता निकालात निघतो. तो मागितला दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्यांनी. सुटीची मागणी तळातून आली. ती परवडत नाही ही ओरड नेहमी वरून होते.

आणि विसावा जिथे कोणी लिहूनच दिलेला नाही, तिथे काय होते? धाराशिव-बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस चुकला की खाडा आणि खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये शासनाच्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, खाडा पडू नये, हे कारण अनेकींनी सांगितले. आठवड्याला एक हक्काचा दिवस नाकारलेल्या व्यवस्थेने शरीराचा अवयव मागून घेतला. या बायकांपुढे उभे राहून ‘शब्बाथ ही छाया होती, ती सरली’ असे सांगण्याची कोणाची छाती होईल?

मग पौलाचे काय? पौल म्हणतो, दिवसावरून कोणी तुमचा न्याय करू नये. हे वाक्य दोन्ही बाजूंना लागू आहे: न पाळणाऱ्याला दोषी ठरवू नका आणि पाळणाऱ्याला परुशीही ठरवू नका. दिवस पाळून तारण मिळत नाही, हे पौलाचे म्हणणे मला शिरसावंद्य आहे. पण तारणाची अट नसलेली गोष्ट निरुपयोगी ठरते काय? प्रार्थनेनेही तारण विकत मिळत नाही. शिवाय हा विसावा निव्वळ सीनायवरच्या नियमशास्त्रातून आलेला नाही. मान्नाच्या प्रसंगी लोक सातव्या दिवशी थांबले, ते निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात. दहा आज्ञा येतात विसाव्या अध्यायात. सृष्टीच्या वृत्तांतात तर त्याचे मूळ आणखी मागे जाते. छाया हटते तेव्हा विधी सरतात, दासाचा थकवा सरत नाही. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असे सांगणारा याकोब नव्या करारातलाच आहे. आणि येशू? शब्बाथ पाळावा की नाही, हा वाद त्याने कधी घातला नाही. कसा पाळावा, यावर घातला. अठरा वर्षे वाकलेली बाई त्याने शब्बाथाच्याच दिवशी सरळ उभी केली. शब्बाथ माणसासाठी झाला, हे त्याचेच सांगणे मार्कने नोंदवले आहे. माणसासाठी झालेली वस्तू माणूस असेपर्यंत रद्द कशी होईल?

‘सगळेच दिवस प्रभूचे’ हे ऐकायला उदात्त वाटते. अनुभव उलटा आहे: ज्याचे सगळे दिवस सारखे, त्याचे सगळे दिवस कामाचे. रशियात १९२९ मध्ये सरकारने सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा केला आणि प्रत्येक कामगाराला निरनिराळा सुटीचा दिवस दिला, म्हणजे यंत्र कधी थांबू नये. बापाची सुटी एका दिवशी, आईची दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या. ती व्यवस्था १९३१ मध्ये बदलावी लागली आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि सामाईक रविवार परत आला. विसावा वाटून घेता येत नाही; तो एकत्र घ्यावा लागतो. तो शनिवारी की रविवारी, यावर ॲडव्हेंटिस्ट आणि इतर मंडळ्यांत जुना वाद आहे. तो स्वतंत्र आहे आणि इथे त्याने निकाल फिरत नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो मनातला आहे: थांबलो तर मागे पडू. मान्ना उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशीचा तेवढा टिकत असे. त्या गोष्टीचा रोख या भीतीवरच आहे. सास्तूरने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. चारच्या सुमारास धरणी हलली आणि वर्षानुवर्षांच्या कष्टांची दगडमातीची घरे माणसांवरच कोसळली. ज्यांनी ते सोसले त्यांना मी काही शिकवू पाहत नाही. एवढेच म्हणतो की आपल्या सततच्या राबण्याने आयुष्य सुरक्षित राहते, हा समज निदान या भागात तरी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आठवड्यातून एकदा हात थांबवणारा ख्रिस्ती माणूस आपले जगणे आपल्या मुठीत नाही, हे कृतीने कबूल करतो. याहून मोठी उपासना मला माहीत नाही.

म्हणून विनंती सास्तूरच्या आणि सगळ्या मराठी मुलखातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याला, दुकानदाराला, मुकादमाला आहे. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. रकमेची बोली कराल तितकीच स्पष्ट बोली आठवड्याच्या एका दिवसाची करा, पैसे न कापता. गडी ख्रिस्ती नसेल तर वार त्याच्या घराच्या सोयीचा असू द्या. वेशीतल्या परक्याला विसावा देताना त्याचा धर्म विचारावा, असे त्या आज्ञेत कुठेही लिहिलेले नाही.