चार वेळा वाजलेली कॅसेट

एप्रिल जवळ आला की आमच्या वस्त्यांतल्या पोरांनी घरच्या कॉम्प्युटरवर केलेली भीमगीतांची डीजे मिक्स मोबाईलवरून फिरू लागतात. पोरं विचारतात, "दादा, कसं झालंय?" आणि ज्ञानी मंडळी म्हणतात, याला काय संगीत म्हणायचं? आमचा प्रश्न असा की हे ठरवण्याचा अधिकार यांना दिला कोणी? ज्या कृष्णवर्णीय लढ्यातल्या ब्लॅक पँथरवरून 1972 साली दलित पँथरने नाव घेतले, त्याच समाजातल्या शिकागोच्या पोरांनी पुढे हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला.

12 जुलै 1979. शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात एका गोऱ्या रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. कारण काय, तर डिस्को आवडत नाही! सिंथेसायझर घेण्यासाठी पैसे साठवणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा तेव्हा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करत होता. तो पुढे सांगत आला की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या, निव्वळ काळ्या कलावंतांच्या तबकड्याही होत्या. 'आवडनिवड' या शब्दाआड काय लपते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

याच लॉरेन्सने जेसी सॉन्डर्सबरोबर 1984 साली 'ऑन अँड ऑन' काढले. हाऊस संगीताच्या अगदी पहिल्या तबकड्यांत ते मोजले जाते.

त्याच सुमारास रोलँड कंपनीचे टीबी-303 हे यंत्र बाजारात आपटले होते. गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवले होते, पण तो आवाज कोणाला पटला नाही. उत्पादन बंद पडले. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तीन मित्रांच्या हाती ते जुन्या बाजारातून स्वस्तात आले. बटणे पिळता पिळता त्यातून चिरका, वळवळणारा आवाज निघाला. तो त्यांनी कॅसेटवर भरला आणि नेला तो थेट म्युझिक बॉक्स क्लबमध्ये, रॉन हार्डीकडे. तिथे नाचणारे बहुतेक काळे, त्यातले अनेक समलिंगी. म्हणजे समाजातही बाजूला सारलेले.

हार्डीने कॅसेट लावली. लोक गोंधळले, नाचायची जागा रिकामी होऊ लागली. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग पुन्हा. चौथ्यांदा वाजली तेव्हा क्लब वेडा झाला होता.

आपल्या चळवळीतल्या ज्येष्ठांनी हा चारचा आकडा लक्षात ठेवावा. एकदा ऐकून "डीजेचा धिंगाणा" म्हणणे सोपे असते.

तबकडी निघण्याआधीच लोकांनी त्या गाण्याला नाव देऊन टाकले होते. 1987 साली ट्रॅक्स रेकॉर्ड्सने 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनचे तरुण त्या आवाजावर नाचत होते.

दाद मिळाली. हक्काचे काय? ट्रॅक्सच्याच लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या कलावंतांना आपल्या गाण्यांच्या हक्कांसाठी 2020 साली कोर्टात जावे लागले. 2022 मध्ये तडजोड होऊन हक्क परत मिळाले. हर्डचे 'कॅन यू फील इट' निघाले होते 1986 साली. तुमच्या मिक्सवर कोणाचे नाव आहे, मित्रांनो? आणि ज्या शाहिराचा आवाज त्यात घेतला आहे, त्याचे?