नॉर्विचचा लोखंडी मंडप : निर्मिती आणि विनाश

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील सार्वजनिक उद्यानांत ओतीव लोखंडाचे वाद्यमंडप, कारंजी व निवारे मोठ्या प्रमाणावर उभारले गेले. लाकडी नमुन्यावरून वाळूचा साचा करावयाचा व त्यात रस ओतावयाचा, या पद्धतीमुळे एकच नक्षी कितीही वेळा काढता येई. म्हणून असे पुष्कळसे निवारे कारखान्यांच्या सूचिपत्रांवरून मागविले जात. नॉर्विच शहराच्या चॅपलफील्ड उद्यानातील मंडपाचा इतिहास मात्र वेगळा आहे.

नॉर्विचमधीलच बार्नर्ड, बिशप अँड बार्नर्ड्स या कारखान्याने वास्तुरचनाकार थॉमस जेकिल (१८२७-१८८१) याच्या आराखड्यानुसार ओतीव व घडीव लोखंडाचा हा दुमजली मंडप तयार केला. तो १८७६ साली फिलाडेल्फियाच्या व १८७८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडण्यात आला होता. म्हणजे मूलतः ती कारखान्याची जाहिरातच होती. जपानचा व्यापार खुला झाल्यानंतर युरोपात जपानी कलेची जी ओढ निर्माण झाली, तिचा ठसा या मंडपावर स्पष्ट होता. स्तंभ व कमानींच्या कोपऱ्यांवर पक्षी आणि फुललेल्या फांद्या होत्या, तर भोवतालच्या कठड्यावर घडीव लोखंडाची ७२ सूर्यफुले होती. १८८० साली तो चॅपलफील्डमध्ये उभारण्यात आला. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील ही अभिरुची त्यामुळे पावसात आडोसा शोधणाऱ्या सामान्य नागरिकाच्या वाट्याला आली, हेच त्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व होय. जेकिल त्यावेळी मनोरुग्णालयात होता. पुढच्याच वर्षी त्याचे निधन झाले.

लोखंडाला नियमित रंग लागतो. सांध्यांत पाणी साचले की गंज आतून पसरतो. दुर्लक्षित व जीर्ण झालेला हा मंडप १९४९ साली पाडण्यात आला. महत्त्वाच्या इमारतींची संरक्षक सूची करण्याची तरतूद १९४७ च्या नगररचना कायद्याने झालेली होती. परंतु व्हिक्टोरियाकालीन वस्तूंना वारसा मानण्याची दृष्टी तेव्हा रुजलेली नव्हती. व्हिक्टोरियन सोसायटीची स्थापना १९५८ ची आहे.

तथापि, केवळ अभिरुचीला दोष देणे पुरेसे नाही. याच जेकिलने आखलेली व याच कारखान्याने घडविलेली 'नॉर्विच फाटके' १८६२ च्या लंडन प्रदर्शनात गाजली, युवराजांना विवाहाची भेट म्हणून देण्यात आली आणि सँड्रिंगहॅमच्या राजनिवासात आजही उभी आहेत. रचनाकार तोच, कारखाना तोच. फरक पडला तो देखभालीत. मंडपाच्या कठड्यावरील काही सूर्यफुले तेवढी वाचली व पुढे त्याच शहरातील हायगम उद्यानाच्या फाटकांत बसविण्यात आली.