आकाशवाणी आणि बहुमत

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. त्यानंतरच्या पिढीतील ज्यू पंडितांची एक कथा बाबिलोनी तालमुदात आहे. तुकड्यांमध्ये वाळू घालून रचलेली भट्टी विटाळते की नाही, एवढाच वाद. एलियेझर एकटेच म्हणाले, नाही. त्यांच्या शब्दासरशी झाड शंभर हात सरकले, पाट उलटा वाहिला, आकाशवाणीनेही त्यांचाच पक्ष घेतला. तेव्हा यहोशुआ उठून म्हणाले की, शास्त्र आता आकाशात राहिलेले नाही. निर्णय बहुमताने झाला.

श्रोतेहो, आम्हां युनियनवाल्यांना येथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्याच बहुमताने एलियेझरांना बहिष्कृत केले, त्यांनी शुद्ध ठरविलेल्या वस्तू जाळल्या. ते कळवायला अकिबा काळी वस्त्रे नेसून गेले, चार हात दूर बसले. एलियेझर भुईवर बसून रडले. आम्हीही हात वर करून माणसे काढली आहेत; त्यांच्या घरी मात्र आमच्यापैकी कोणी गेले नाही.