सर्किट बोर्ड घरी कोरताना : रसायनांची खबरदारी

इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी एकच पीसीबी हवा असला, की तो अनेकदा घरीच तयार केला जातो. तांब्याचा पातळ थर असलेल्या फलकावर पक्क्या शाईने मार्ग रेखाटून तो फेरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवला जातो. उघडे तांबे विरघळते, शाईखालचे तेवढे उरते. कृती सोपी आहे. मात्र रत्नागिरीसारख्या विहिरींच्या आणि खाड्यांच्या परिसरात खरा प्रश्न उरतो, तो वापरून झालेल्या द्रावणाचा.

हाताळणी

हे द्रावण आम्लधर्मी असून त्वचेचा दाह करते आणि डोळ्यांना गंभीर इजा पोहोचवू शकते. निर्जल भुकटी पाण्यात विरघळताना तीव्र उष्णता निर्माण होते. त्यामुळे भुकटी थोडी थोडी पाण्यात टाकावी. भुकटीवर पाणी ओतू नये. कोकणातील दमट हवेत ती ओलावा शोषते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा.

ॲल्युमिनियमचे पातेले कदापि वापरू नये. त्यात उष्णतेसह ज्वलनशील हायड्रोजन वायू तयार होतो. स्टीलही या द्रावणाने कुरतडले जाते. काचेचे किंवा प्लास्टिकचे भांडे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. रबरी हातमोजे व संरक्षक चष्मा आवश्यक आहेत.

आम्लाचा पर्याय

काही जण हायड्रोक्लोरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साईड यांचे मिश्रण वापरतात. त्याचा वेग अधिक, तसा धोकाही अधिक. पावसाळ्यात खिडक्या बंद करून घरात हे काम केल्यास आम्लाच्या वाफा कोंडतात. ते मोकळ्या पडवीतच करावे. मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवल्यास वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. ब्लीचिंग पावडरशी संपर्क आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तांबे जाते कुठे?

१० बाय १५ सेंटिमीटरच्या एकेरी फलकावर ३५ मायक्रॉन जाडीचे सुमारे ४.७ ग्रॅम तांबे असते. त्यातील निम्मे विरघळले, तर सुमारे २.३ ग्रॅम द्रावणात उतरते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सांडपाण्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने एका फलकाचे तांबे साडेसातशे लिटरहून अधिक पाणी मर्यादेबाहेर नेऊ शकते. शिवाय पाणी वाढवल्याने तांबे नाहीसे होत नाही.

जांभा दगड सच्छिद्र असल्याने अंगणात ओतलेले द्रावण विहिरीकडे झिरपू शकते. गटारातून ते खाडीला मिळाल्यास मासे व इतर जलचरांना घातक ठरते. कालवांच्या शरीरात तर तांबे साठत जाते.

विल्हेवाट

द्रावण हिरवट होऊन काम मंदावेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरावे. नंतर मोठ्या प्लास्टिकच्या भांड्यात धुण्याचा सोडा सावकाश घालावा. फेस उसळतो, म्हणून घाई करू नये. फेस थांबून पीएच कागद ८ च्या आसपास दाखवू लागला, की गाळ खाली बसू द्यावा. वरच्या पाण्यात निळसर छटा असल्यास आणखी सोडा घालावा. गाळून वाळवलेला साका बंद डब्यात, नाव लिहून, घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याची सोय असल्यास तेथे विचारणा करणे उत्तम.

प्रथमोपचार

डोळ्यात थेंब गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे. रसायन पोटात गेल्यास उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रसायनाचा डबा डॉक्टरांना दाखवावा.